भिंत भाविकांनीच मागितली होती

टेक्ससच्या विधिमंडळाने २०२३ साली एक कायदा केला. सरकारी शाळांना यापुढे चॅप्लिन नेमता येतील, पगारी किंवा स्वयंसेवक म्हणून. चॅप्लिन म्हणजे सैन्यात, रुग्णालयात, तुरुंगात माणसांना आध्यात्मिक आधार द्यायला नेमलेला धर्मसेवक. शाळेतल्या चॅप्लिनला शिक्षकांना लागतं तसं राज्याचं प्रमाणपत्र नको, आणि त्याचा पगार मुलांच्या सुरक्षिततेसाठी राखलेल्या निधीतून काढायची मुभा. प्रत्येक शाळामंडळाने १ मार्च २०२४ पर्यंत ठराव करून हो की नाही ते सांगायचं होतं. हे दार ज्यांच्यासाठी उघडलं होतं त्यांनी आनंदाने आत शिरावं, अशीच करणाऱ्यांची अपेक्षा असणार. पण टेक्ससमधल्याच शंभराहून अधिक चॅप्लिननी पत्र लिहून शाळामंडळांना विनंती केली की हा प्रस्ताव फेटाळा. समुपदेशकाची जागा आम्ही घेऊ शकत नाही आणि सरकारी शाळेत मुलांच्या धर्मात लक्ष घालणं हे आमचं काम नव्हे, असा त्या पत्राचा रोख होता. मोठ्या शहरांतल्या बऱ्याच मंडळांनी पुढे नकारच दिला.

चालून आलेली नोकरी नको म्हणणारा माणूस विरळा. आपल्याच देवाच्या नावाने चालून आलेली नको म्हणणारा त्याहून विरळा. अमेरिकेतल्या ख्रिस्ती राष्ट्रवादाला तिथल्या धर्मसमाजांनी काय उत्तर द्यावं, यावर गेल्या काही वर्षांत परिषदा झाल्या, निवेदनं निघाली, ग्रंथ आले. त्या सगळ्यांपेक्षा मला हे पत्र वजनदार वाटतं. सरकार एखाद्या धर्माला झुकतं माप देतं तेव्हा न्यायालय ते बेकायदा ठरवू शकतं, इतर धर्मांचे लोक आणि नास्तिक त्याविरुद्ध ओरडू शकतात. पण ते नाकारण्याचा अधिकार ज्याच्या पदरात ते पडतंय त्यालाच असतो. ख्रिस्ती राष्ट्रवादाला चर्चचं खरं उत्तर हा नकार आहे, आणि बाकीची उत्तरं त्याच्यामागून येतात.

आधी थोडं व्याख्येबद्दल, कारण हा शब्द हल्ली शिवीसारखा फेकला जातो. गर्भपाताला विरोध करणारा प्रत्येक कॅथलिक किंवा निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला मत देणारी प्रत्येक बाप्टिस्ट, म्हणजे त्या नावाच्या प्रोटेस्टंट पंथातली, आजी ख्रिस्ती राष्ट्रवादी नव्हे. त्यांना तसं म्हणणं अन्यायाचं आहेच, शिवाय ज्यांच्याशी बोलायला हवं त्यांनाच त्यामुळे पलीकडे ढकललं जातं. पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था आपल्या पाहणीत लोकांपुढे पाच विधानं ठेवते: सरकारने अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र असल्याचं जाहीर करावं, कायदे ख्रिस्ती मूल्यांवर आधारलेले असावेत, हा पाया सुटला तर देशच उरणार नाही, खरा अमेरिकन असायला ख्रिस्ती असणं महत्त्वाचं आहे, आणि समाजाच्या सर्व क्षेत्रांवर ख्रिस्ती लोकांनी अधिराज्य करावं अशी देवाची आज्ञा आहे. २०२३ आणि २०२४ च्या पाहण्यांत सुमारे १० टक्के लोक या मताचे पक्के आणि २० टक्के सहानुभूतीदार निघाले. म्हणजे दहातले तीन. तो बहुमताचा आवाज नाही, पण संघटित असेल तर विधिमंडळं हलवायला पुरेसा आहे.

त्यांचा मुख्य दावा इतिहासाचा आहे: हा देश ख्रिस्ती म्हणूनच जन्मला. यात तथ्य अजिबातच नाही असं म्हणता येत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी सक्तीचा कर थेट १८३३ पर्यंत चालू होता, आणि काही राज्यांत पद मिळवायला प्रोटेस्टंट असणं आवश्यक होतं. पण १७८७ ची संघराज्याची घटना काढून बघा. तिच्या कलमांत देवाचं नाव नाही, आणि सहाव्या अनुच्छेदात कोणत्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. १७९७ मध्ये त्रिपोलीशी झालेल्या तहात अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही असं वाक्य होतं. सिनेटने तो तह एकमताने संमत केला आणि अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी त्यावर सही केली. आज ज्या खुणा ‘मूळच्या’ म्हणून दाखवल्या जातात त्या बऱ्याच नंतरच्या आहेत. राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेत देव आला १९५४ मध्ये आणि ‘आमचा देवावर विश्वास आहे’ हे राष्ट्रीय ब्रीद झालं १९५६ मध्ये, आयझेनहॉवर यांच्या काळात, शीतयुद्धात. समोर देव न मानणारा रशिया होता, म्हणून इकडे देवाची मोहर उमटवली गेली. २०२४ मध्ये तर ५९.९९ डॉलरला विकल्या जाणाऱ्या बायबलच्या एका आवृत्तीचा प्रचार स्वतः डोनाल्ड ट्रम्प यांनी केला. तिच्यात पवित्र शास्त्राबरोबर राज्यघटना, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि ती प्रतिज्ञाही बांधलेली आहे. राज्यघटनेत देव सापडला नाही, तेव्हा देवाच्या पुस्तकातच राज्यघटना शिवून टाकली!

धर्म आणि राज्य यांच्यामध्ये भिंत हवी ही मागणी मुळात कोणाची होती, हे दोन्ही बाजूंचे लोक विसरतात. रॉजर विल्यम्स या ख्रिस्ती धर्मोपदेशकाला मॅसॅच्युसेट्सच्या धर्मनिष्ठ वसाहतीने हाकलून दिलं. १६३६ मध्ये त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं आणि तिथे कोणावरही धर्माची सक्ती ठेवली नाही. चर्च ही बाग आणि जग हे रान, मधलं कुंपण पडलं की बागेचं रान होतं, असं हा कट्टर धर्मनिष्ठ माणूस लिहितो. त्याची काळजी बागेची होती. पुढे व्हर्जिनियात सरकारमान्य अँग्लिकन चर्चच्या काळात परवान्याविना प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट प्रचारकांना तुरुंगात टाकलं जायचं. तिथल्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यामागे, १७८६ च्या, या लोकांचा रेटा होता.

त्यातलाच एक जॉन लेलँड. न्यू इंग्लंडला परतल्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या शेतकऱ्यांना त्याने कामाला लावलं. गावातल्या गाईंचं दूध एकत्र करून त्यांनी १२३५ पौंडांचं, म्हणजे साडेपाचशे किलोंहून अधिक वजनाचं, एक अजस्र चीज तयार केलं. १ जानेवारी १८०२ रोजी लेलँडने ते राजधानीत नेऊन अध्यक्ष जेफरसन यांना भेट दिलं. हे चीज एकाही गुलामाच्या श्रमाविना झालंय, असंही गावकऱ्यांनी आवर्जून कळवलं होतं. घेणारा शेकडो गुलामांचा मालक! त्याच दिवशी जेफरसन यांनी कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना पत्र लिहिलं, आणि चर्च व राज्य यांच्यामधल्या भिंतीचा प्रसिद्ध उल्लेख त्याच पत्रातला. डॅनबरीचे लोकही अल्पसंख्य होते. आमचं धर्मस्वातंत्र्य म्हणजे राज्याने केलेली मेहेरबानी, आमचा हक्क नव्हे, अशी स्थिती आहे, ही त्यांची तक्रार होती. गंमत म्हणजे दोनच दिवसांनी, रविवारी, लेलँडने प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात प्रवचन केलं आणि जेफरसन ऐकायला हजर होते. म्हणजे भिंत काही आजच्या वकिलांना वाटते तितकी सरळ रेषेत बांधलेली नव्हती. पण ती मागायला आले होते भाविक, आणि येताना चीज घेऊन आले होते.

आता लुइझियानाकडे या. जून २०२४ मध्ये तिथे कायदा झाला: प्रत्येक सरकारी वर्गात दहा आज्ञांचा फलक लावायचा, किमान ११ इंच बाय १४ इंच, अक्षर मोठं आणि सहज वाचता येईल असं. मजकूरही कायद्यातच ठरवून दिलाय. इथेच मेख आहे. कारण दहा आज्ञांची एकच एक वाटणी नाही. ज्यू परंपरा पहिली आज्ञा जिथे मानते तिथे प्रोटेस्टंट मानत नाहीत, आणि कॅथलिकांचा क्रम दोघांहून वेगळा. विधिमंडळाने एक पाठ निवडला त्या क्षणी ते धर्मपंडित झालं. हा वाद पुस्तकी नाही. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात सरकारी शाळांत कोणतं बायबल वाचायचं यावरून दंगली झाल्या. आयरिश कॅथलिकांना आपल्या मुलांवर प्रोटेस्टंटांचं किंग जेम्स बायबल लादलेलं नको होतं. माणसं मेली, सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही कॅथलिक चर्चं जाळली गेली. ‘ख्रिस्ती राष्ट्र’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो कोणाचे ख्रिस्ती, आणि त्याचं उत्तर ज्याच्या हातात त्या वर्षी सत्ता असेल तो देतो. लुइझियानाच्या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या पालकांत ख्रिस्ती पाळकही आहेत, ते यामुळेच. आपल्या मुलाला देवाबद्दल काय सांगायचं हे आपण आणि आपली मंडळी बघू, राज्यपालांनी त्रास घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर पाळकच होते ना? गुलामगिरीविरुद्ध उठलेले अनेक जण बायबल हातात घेऊनच उठले ना? तेव्हा धर्म राजकारणात चालला आणि आताच का खुपतो? याचं उत्तर १८४५ या एका सालात मिळतं. त्या वर्षी मे महिन्यात जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन झालं. गुलामांच्या मालकांना मिशनरी म्हणून नेमायला उत्तरेकडचे बाप्टिस्ट तयार नव्हते, हे त्या फुटीचं कारण. त्याच वर्षी फ्रेडरिक डग्लस या पळून सुटलेल्या गुलामाने आत्मकथा प्रसिद्ध केली आणि शेवटी जोडपत्र लिहून सांगितलं की या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म यांच्यात जमीनअस्मानाचं अंतर आहे. दोघांच्याही हातात बायबल होतं. एकाला आपली मालमत्ता राखायची होती आणि दुसरा आपलं माणूसपण मागत होता. सदर्न बाप्टिस्टांनी गुलामगिरीतल्या आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकनांना अर्पण केली ते डग्लसच्या बाजूचे लोक. त्यांतल्या पुष्कळांची प्रेरणा धर्माचीच होती. किंग यांनी सांगून ठेवलंय की चर्च राज्याचा मालक नाही आणि नोकरही नाही, ते राज्याची सदसद्विवेकबुद्धी आहे. त्यांनी सरकारकडे चर्चसाठी काही मागितलं नाही. मागितलं ते सगळ्यांच्या मतदानासाठी, सगळ्यांच्या बसमधल्या जागेसाठी. माझ्या मते फरक ओळखायची खूण इथे आहे: मागणी पुरी झाली तर लाभ कोणाला?

आपल्याकडचे दोन अनुभवही इथे लागू पडतात. गोव्यात क्रूस आणि तलवार एकाच हातात होती; १५६० ते १८१२, मधला थोडा खंड सोडला तर, तिथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, चाललं आणि त्याची आठवण अजून कडू आहे. उलट अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जायला फर्मावलं. धर्मप्रचाराने धंद्यात गडबड होईल, ही भीती. सत्तेचा आधार नसताना रुजलेल्या त्या अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगरातल्या कामाशी पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव जोडलं गेलं. ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. गोव्याचं राज्य गेलं आणि कटुता उरली. टिळकांची भजनं मराठी मंडळ्यांत आजही म्हटली जातात.

मग चर्चने करायचं काय? न्यायालयात जावंच, पण निकालाने फलक उतरतो, मन उतरत नाही. त्यातही न्यायाधीश बदलले की निकाल बदलतो. वर सांगितलेल्या पाहणीतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: ख्रिस्ती राष्ट्रवादाकडे झुकणारे लोक चर्चला नियमित जाणाऱ्यांत जास्त आहेत. याचा अर्थ काहींना वाईट वाटेल; मला त्यात आशा दिसते. ही माणसं दर रविवारी बाकांवर येऊन बसतात. त्यांच्यापर्यंत वकील पोचत नाही, वर्तमानपत्रातला लेख पोचत नाही, पण पाळक पोचतो. अर्थात पोचण्याची किंमत आहे. सदर्न बाप्टिस्टांच्या धोरणविषयक आयोगाचे माजी प्रमुख रसेल मूर यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की डोंगरावरील प्रवचनातलं ‘दुसरा गाल पुढे कर’ हे वचन घेतलं म्हणून पाळकांना लोक नंतर गाठून विचारतात, हे डाव्यांचे मुद्दे कुठून आणलेत? येशूचे शब्द आहेत म्हटलं तर उत्तर येतं की आता ते चालत नाही, ते दुबळेपणाचं आहे. मंडळी सोडून जाईल, वर्गणी आटेल, ही धास्ती खरी आहे. पण प्रवचन जर मंडळीच्या मतदारयादीला विचारून करायचं असेल तर व्यासपीठाची गरजच काय?

आणि पाळकाच्या हातात शास्त्र आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात सैतान येशूला उंच डोंगरावर नेतो, जगातली सगळी राज्यं आणि त्यांचं वैभव दाखवतो आणि म्हणतो, हे सारं तुला देतो, फक्त मला नमन कर. राज्य देऊ करणारा कोण होता आणि नाकारणारा कोण, हे तिथे लख्ख लिहिलंय. वेदीशेजारी देशाचा झेंडा उभा करणाऱ्या, ४ जुलैच्या आठवड्यात उपासनेला देशभक्तिपर संचलनाचं रूप देणाऱ्या चर्चनी हा अध्याय वाचायला काय हरकत आहे? झेंडा बाहेर अंगणात फडकवा. कोणी अडवलंय? जुलै २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या करखात्यानेच न्यायालयात सांगितलं की उपासनेत पाळकाने आपल्या मंडळीला उमेदवाराबद्दल सांगितलं तर करमुक्त संस्थांनी निवडणुकीत उमेदवारांची बाजू घेऊ नये ही १९५४ पासूनची बंदी आपण लागू धरणार नाही. हीसुद्धा एक देऊ केलेली सवलतच. ती किती चर्चं परत करतात, हे बघण्यासारखं असेल.

तरी आपलं घर स्वच्छ ठेवणं पुरेसं नाही, आणि हे जर्मनीतून शिकण्यासारखं आहे. आजची अमेरिका म्हणजे १९३४ चा जर्मनी नव्हे. ही तुलना घाईने करणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. पण चर्चच्या वागण्याचा धडा तिथला घेता येतो. ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या गटाने स्वस्तिक आणि क्रूस एकत्र आणले, लुडविग म्यूलर ‘राइशचे बिशप’ झाले. त्याविरुद्ध मे १९३४ मध्ये बार्मेन इथे प्रोटेस्टंट प्रतिनिधींनी एक घोषणा केली, तिचे मुख्य लेखक धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ. चर्चचा प्रभू एकच, येशू ख्रिस्त. कोणत्याही फ्यूररला ती जागा देता येणार नाही, असा तिचा आशय. धैर्याचं काम होतं, वादच नाही. पण त्या घोषणेत ज्यूंबद्दल एक शब्द नाही. चर्चने चर्चचं स्वातंत्र्य राखलं आणि शेजाऱ्याला विसरलं. बार्थ यांनी उतारवयात ही आपली चूक असल्याचं कबूल केलं. डीट्रिख बॉनहॉफर या तरुण पाळकाने मात्र १९३३ मध्येच लिहिलं होतं की राज्याचा बळी ठरलेल्या माणसाप्रति चर्चचं कर्तव्य आहे, तो ख्रिस्ती नसला तरी.

हे कर्तव्य अमेरिकेत काही ठिकाणी पार पडतंय. जानेवारी २०२५ मध्ये प्रार्थनास्थळांत शिरून स्थलांतरितांना पकडण्यावरचे जुने निर्बंध काढून टाकले गेले. तेव्हा क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या सभा, म्हणजे त्यांच्या मंडळ्या, न्यायालयात गेल्या. त्यांच्या बाजूने कोऑपरेटिव्ह बाप्टिस्ट फेलोशिप आली आणि सॅक्रामेंटोचा शीख गुरुद्वाराही आला. फेब्रुवारीत मेरीलँडच्या संघराज्य न्यायाधीशांनी या वादींपुरता तात्पुरता मनाई हुकूम दिला. टेक्ससने २०२५ मध्ये लुइझियानासारखाच दहा आज्ञांचा कायदा केला, तेव्हा त्याविरुद्ध गेलेल्या कुटुंबांत ज्यू, ख्रिस्ती, युनिटेरियन, नास्तिक आणि हिंदूही आहेत.

या शेवटच्या शब्दापाशी मराठी वाचकाचे कान टवकारतील. टेक्ससमध्ये मराठी घरं भरपूर आहेत, ह्यूस्टन-डॅलसला गणपती बसतात. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये २०२४ साली हनुमानाची ९० फुटी मूर्ती उभी राहिली. पुढच्याच वर्षी सिनेटसाठी उभ्या राहिलेल्या एका रिपब्लिकन उमेदवाराने जाहीर विचारलं की खोट्या देवाची मूर्ती आमच्या ख्रिस्ती देशात का चालवून घेता? आपल्या व्हॉट्सॲप गटांवर यावर संताप उसळला आणि तो रास्त होता. पण संताप मूर्तीवर बोललं गेलं तेव्हाच आला. क्वेकर, बाप्टिस्ट आणि शीख एका दाव्यात उभे होते तेव्हा वादींच्या यादीत एकही हिंदू मंदिर नव्हतं. देश बहुसंख्यांच्या धर्माचा नसतो, हा टेक्ससमधल्या त्या हिंदू पालकांचा युक्तिवाद आहे. त्यांचे पुण्या-नाशिकातले नातेवाईक तो तिथल्यासाठी मनापासून मान्य करतात. गणपतीत ती मंडळी सुट्टीवर आली की जेवणाच्या ताटावर त्यांना एकदा विचारून बघा, हाच युक्तिवाद इथे वसईच्या किंवा मालेगावच्या माणसाने केला तर चालेल का.